‘बुरशी आलीय’ एवढं सांगून भागत नाही

पाऊस सुरू झाला की ह्या सदराच्या पत्रांत बुरशी शिरतेच. लोणच्यावर आली, चपलांवर आली, कपाटातल्या साड्यांना वास यायला लागला, द्राक्षाच्या पानावर काहीतरी पांढरं दिसतंय, मांडीवर नायटा आलाय. ह्यावेळी इतकी पत्रं आली की संपादकांना म्हटलं अख्खं सदर ह्या एकाच विषयाला द्या. मी कॉलेजात बॉटनी शिकवली आणि त्यातली बरीच वर्षं बुरशीच बघितली, शेणावरची, कुजक्या लाकडावरची, भाकरीवरची, त्यामुळे विषय माझ्या अगदी जिव्हाळ्याचा आहे.

सगळ्या पत्रांत एक गोष्ट मात्र सारखी. ‘बुरशी आलीय’ असं सगळे लिहितात, कोणती ते कुणीच लिहीत नाही. दारात आंबा आला की बाभूळ ते आपण सांगतो ना, नुसतं ‘झाड आलंय’ म्हणत नाही. बुरशीच्या आजवर साधारण दीड लाख जाती नोंदल्या गेल्यात आणि खऱ्या २२ ते ३८ लाख असाव्यात असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे, त्यातली एक जीव वाचवते, एक लिव्हर घालवते, एक पाव फुगवते, आणि आपण सगळ्यांना एकाच नावानं हाक मारतो. म्हणून खाली जमेल तिथं मी नाव सांगितलंय, थोडं जड वाटलं तरी वाचा.

प्रश्न : कैरीच्या लोणच्यावर पांढरी-हिरवी बुरशी आलीय. आई म्हणते वरचं काढून टाक, खालचं चांगलं असतं. खावं का? (एक वाचक, कोल्हापूर)

नका खाऊ. आईंचं मन दुखवायचं नाहीये, पाच किलो कैरीचं लोणचं टाकून द्यायचं म्हणजे जिवावर येतं हे मला कळतं, पण वर जे दिसतं ना ती बुरशीची फक्त वरची बाजू असते, बीजाणू म्हणजे तिची बी तयार करणारी. खरी बुरशी म्हणजे तिचे बारीक तंतू आणि ते आधीच आत पसरलेले असतात, मऊ आणि ओल्या पदार्थात तर फारच सहज. ब्रेडचंही तेच, एका कोपऱ्यावर हिरवा ठिपका दिसला की तेवढा कोपरा तोडून बाकीचा चहात बुडवायचा हे बंद करा.

आणि लोणचं खराब का झालं ते बघा म्हणजे पुढच्या वर्षी वाचेल. लोणच्यावर तेलाचा थर ठेवायचा ही जुन्या बायकांची पद्धत अगदी शास्त्रीय आहे, ह्या बुरशींना वाढायला हवा लागते आणि तेलाखाली ती मिळत नाही. मीठ पाणी बांधून ठेवतं. ह्या दोन्हीत खोट आली, म्हणजे फोड तेलाच्या वर उघडी राहिली किंवा कुणी ओला चमचा घातला, की झालं.

पण खरं सांगू, लोणच्यापेक्षा मला शेंगदाण्याची जास्त काळजी वाटते आणि त्याबद्दल एकही पत्र आलेलं नाही. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की कोंबड्या पटापट मेल्या, रोग कुठला ते कळेना. शोधता शोधता गाडं पोचलं त्यांच्या खाद्यातल्या शेंगदाण्याच्या पेंडीवर. त्या पेंडीवर अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी वाढली होती आणि तिनं केलेल्या विषाला पुढं अफ्लाटॉक्सिन नाव पडलं. हे विष लिव्हरवर जातं, आणि थोडं थोडं वर्षानुवर्षं पोटात गेलं तर लिव्हरचा कॅन्सर होऊ शकतो. आपल्याकडे १९७४ मध्ये राजस्थान आणि गुजरातच्या आदिवासी भागात अवकाळी पावसात भिजलेला मका लोकांनी खाल्ला, दुसरं खायला होतं कुठं, आणि शंभरावर माणसं काविळीनं गेली. गावातली कुत्रीसुद्धा आजारी पडली कारण तीही त्याच भाकरीवर जगत होती.

हे विष भाजून, उकळून, तळून जात नाही. म्हणून कूट करायच्या आधी दाणे ताटात पसरून बघा, सुरकुतलेला, काळपट, हिरवट किंवा कोंब आलेला दाणा बाजूला काढा, आणि चावल्यावर खवट कडू लागला तर थुंकून टाका, गिळू नका. शेंगा, मका, मिरची नीट कडक वाळवूनच भरा. हा खर्चाचा उपाय नाही, दहा मिनिटांचा आहे.

प्रश्न : सून मशरूम आणते. मला ते मांसाहारीच वाटतं, ती म्हणते भाजी आहे. आमच्यात कोण बरोबर? (एक आजी, पुणे)

आजी, शास्त्र म्हणतं दोघीही नाही! मशरूम भाजी नाही आणि प्राणीही नाही. मी शाळेत होते तेव्हा पुस्तकात बुरशी वनस्पतींमध्येच घातलेली असायची, पण १९६९ साली रॉबर्ट व्हिटेकर ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानं सजीवांचे पाच गट मांडले आणि बुरशीला तिचं स्वतःचं घर दिलं. कारण काय तर बुरशीत हिरवं द्रव्य नाही, ती स्वतःचं अन्न करत नाही, बाहेरच्या वस्तूवर पाचक रस सोडते आणि विरघळलेलं शोषून घेते, म्हणजे आधी पचवते मग खाते. तिच्या पेशीच्या भिंतीत कायटिन असतं, कोळंबीच्या कवचात असतं तेच. साखर साठवते तीही आपल्या लिव्हरसारखी ग्लायकोजेनच्या रूपात. आणि पुढं डीएनए तपासल्यावर कळलं की बुरशीची फांदी झाडांपेक्षा प्राण्यांच्या जास्त जवळची आहे. तेव्हा तुम्हाला जे वाटलं त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पण तिला मेंदू नाही, रक्त नाही, मज्जातंतू नाहीत. पानात घ्यायचं की नाही हा तुमच्या श्रद्धेचा भाग, तिथं मी कोण बोलणार.

एवढंच सांगते की बुरशी तुमच्या घरात आधीपासूनच आहे. पाव फुगवणारं यीस्ट ही एका पेशीची बुरशीच आहे, गोव्यात पोर्तुगीज आले तेव्हा यीस्ट नव्हतं तर पोदेरांनी, म्हणजे तिथल्या पाववाल्यांनी, माडाची सूर घालून पाव फुगवला, म्हणजे सुरेतलं जंगली यीस्टच ते. सरबत, जॅम, गोळ्यांच्या पाकिटावर सायट्रिक अ‍ॅसिड लिहिलेलं असतं ते लिंबातून काढलेलं नसतं, गेली शंभरेक वर्षं ते अ‍ॅस्परजिलस नायजर नावाच्या काळ्या बुरशीकडून करून घेतात. नातवंडांना काविळीची हेपॅटायटिस बी लस दिली असेल तर ती यीस्टमध्ये वाढवलेली असते. आणि कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर ऐका, अकिरा एन्डो ह्या जपानी माणसानं १९७० च्या दशकात हजारो बुरशी एकेक करून तपासल्या आणि पेनिसिलियम सिट्रिनम ह्या बुरशीत त्यांना कोलेस्टेरॉल कमी करणारं पहिलं द्रव्य सापडलं. स्टॅटिनच्या गोळ्यांचं सगळं घराणं तिथून सुरू झालं.

प्रश्न : दोन वर्षं झाली, मांडीला आणि कमरेला नायटा आहे. मेडिकलमधून क्रीम आणतो, चार दिवसात बरं वाटतं, परत येतो. आता बायकोला आणि मुलालाही झालाय. (एक वाचक, जालना)

दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं कारण अशी पत्रं सात आली. लाजून लपवायची गोष्ट नाही ही, सगळ्या भारतात सध्या नायट्याची साथच आहे आणि ती पूर्वीसारखी साधी राहिलेली नाही.

आधी ती क्रीमची ट्यूब उलटी करून बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन असं काही लिहिलंय का? ते स्टेरॉइड आहे. खाज आणि लाली लगेच थांबते म्हणून आपल्याला वाटतं गुण आला, पण खाज ही आपल्या शरीराची बुरशीशी चाललेली लढाई असते आणि स्टेरॉइड त्या लढाईलाच गप्प बसवतं, बुरशी तशीच राहते, उलट निवांत पसरते. नायट्याची ती गोल चकती, कडा लाल आणि मधे साफ, तीसुद्धा मोडून जाते आणि मग डॉक्टरला ओळखू येत नाही. कातडी पातळ होते, जांघेत पांढऱ्या रेघा पडतात त्या जात नाहीत. माझ्या भाच्याला एका दुकानातून असंच तीन औषधं मिसळलेलं मलम दिलं गेलं, विचारलं नाही काही नाही, आणि पोरानं आठ महिने लावलं. त्याच्या पोटावरच्या रेघा मी अजून बघते आणि मला राग येतो. अशी मलमं चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाहीत असा नियम आहे.

आता नाव सांगते. आपल्याकडे जी पसरलीय ती ट्रायकोफायटन इंडोटिनी, हे नाव तिला २०२० मध्ये मिळालं, भारतातल्या आणि नेपाळच्या पेशंटमधून ती वेगळी ओळखली गेली. तिच्या बऱ्याच वाणांवर टर्बिनाफिन हे नेहमीचं औषध चालत नाही. म्हणजे तुम्ही औषध घेत असूनही बरं वाटत नसेल तर दर वेळी तुमचीच चूक असते असं नाही, बुरशी बदललीय.

त्वचेच्या डॉक्टरकडे जा, शक्य असेल तर तिघं एकदम. ते कातडीचा भुसा खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात टाकून मायक्रोस्कोपखाली बघतील, स्वस्त टेस्ट आहे, तंतू लगेच दिसतात. मग सांगतील तेवढे दिवस पूर्ण औषध, डाग गेल्यावरही मधेच बंद करायचं नाही. टॉवेल तिघांचे वेगळे, कपडे उलटे करून कडक उन्हात, घट्ट जीन्स काही महिने बाजूला. पावसाळ्यात पायाच्या बोटांत चिखल्या होतात त्याही बहुतेक वेळा ह्याच गोतावळ्यातल्या बुरशीमुळे, तेव्हा पाय पुसताना बोटांच्या बेचक्या कोरड्या करा.

आणि बुरशीवर औषधं इतकी कमी का असं विचाराल, तर त्याचं उत्तर वर आजींना दिलंय. ती आपल्या जवळची आहे. बॅक्टेरिया आपल्यापेक्षा फार वेगळे असतात त्यामुळे त्यांना मारताना आपल्या पेशी सहसा वाचतात, बुरशीची पेशी पुष्कळशी आपल्यासारखीच चालते. मोठा फरक म्हणजे आपल्या पेशीच्या पडद्यात कोलेस्टेरॉल असतं आणि तिच्यात एर्गोस्टेरॉल, बहुतेक औषधं ह्याच एका फरकावर नेम धरून केलेली आहेत. म्हणून आहे ती औषधं जपून वापरायची.

प्रश्न : २०२१ मध्ये कोविडनंतर बाबांना काळी बुरशी झाली, एक डोळा काढावा लागला. आमच्या घरात ओल होती, त्यामुळे झालं का, हे मनातून जात नाही. (एक वाचक, नागपूर)

ताई, हा सल मनातून काढून टाका. म्युकरमायकोसिस करणाऱ्या बुरशीचे, म्हणजे रायझोपस वगैरेंचे, बीजाणू मातीत, हवेत, भाजीच्या टोपलीत सगळीकडे असतात, आपण रोज ते श्वासातून घेतो आणि शरीर त्यांना निपटून टाकतं. त्या वर्षी खूप लोकांची साखर भरमसाट वाढली होती, काहींना स्टेरॉइड जास्त दिवस दिलं गेलं होतं, आणि ह्या बुरशीला रक्तातली जास्त साखर आणि थकलेली प्रतिकारशक्ती मिळाली की ती रक्तवाहिन्यांत घुसते. वाहिनी बंद पडली की पुढचा भाग मरतो आणि काळा पडतो. बुरशी काळी नसतेच, मेलेलं मांस काळं असतं, हे नावच चुकीचं पडलं आणि त्या नावानं लोक भिंतीवरच्या काळ्या डागांना घाबरायला लागले. ती एकाकडून दुसऱ्याला लागतही नाही. बाबांची साखर सांभाळा, एवढंच आता तुमच्या हातात आहे आणि ते तुम्ही करत असालच.

प्रश्न : ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला की डाउनी येतो. दुकानदार दर वेळी नवीन बुरशीनाशक देतो. आणि ट्रायकोडर्मा, बिव्हेरिया वापरावं का? (द्राक्ष बागायतदार, निफाड)

तुम्ही डाउनी म्हणालात, नाव घेतलंत, बरं वाटलं. पण आधी खात्री करा की तो डाउनीच आहे, भुरी नाही. डाउनी म्हणजे केवडा, पानाच्या वरच्या बाजूला तेलकट पिवळे डाग आणि बरोबर त्याच्या खाली, पानाच्या पाठीवर, पांढरी लव. भुरी म्हणजे पीठ शिंपडल्यासारखं, पानाच्या वरपण आणि मण्यांवरपण. केवड्याला पान ओलं लागतं, दव, पाऊस. भुरीला पान भिजायची गरज नाही, ढगाळ दमट हवेत ती वाढते, जोराचा पाऊस तर तिला धुऊन टाकतो. दोघींना औषध वेगळं लागतं आणि हे फार महत्त्वाचं आहे, कारण केवडा करणारा प्लाझ्मोपॅरा हा खरं म्हणजे बुरशीच नाही! दिसतो बुरशीसारखा, अभ्यासही बुरशीवाल्यांनीच केला, पण त्याच्या पेशीची भिंत सेल्युलोजची आहे आणि तो पाण्यातल्या शेवाळांचा लांबचा भाऊ. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाटा कुजून दुष्काळ पडला तो फायटोफ्थोराही ह्याच कुळातला, आणि कोकणातल्या सुपारीचा कोळेरोग करणारासुद्धा. म्हणून भुरीचं गंधक केवड्यावर मारलं तर पैसे पाण्यात.

केवड्यावरचं सगळ्यात जुनं औषध अजून तुमच्या बागेत आहे, बोर्डो. फ्रान्समध्ये बोर्डो भागात रस्त्याकडेच्या वेलींवर शेतकरी मोरचूद (तांब्याचं निळं मीठ) आणि चुना शिंपडायचे, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून. मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की बाकी बाग केवड्यानं झडली पण ह्या कडेच्या वेलींची पानं टिकली. १८८५ मध्ये त्यांनी ते मिश्रण छापून जाहीर केलं. एक टक्का करायचं तर एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी, दोन्ही वेगवेगळे विरघळवून मग एकत्र, आणि मिश्रणात लोखंडी खिळा किंवा विळा बुडवून बघायचा, त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय. फवारणी कधी आणि किती हे मात्र पुण्याजवळच्या मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या सल्ल्यानं करा, एक्स्पोर्टचा माल असेल तर रेसिड्यूचा, म्हणजे फळात उरणाऱ्या औषधाचा, प्रश्न येतो. आणि एकाच गटाचं औषध लागोपाठ नको, नाव बदललं तरी आतला घटक तोच असतो बऱ्याचदा, डब्यावर घटक वाचा.

ट्रायकोडर्मा जरूर वापरा, ती दुसऱ्या बुरशीला विळखा घालून खाणारी बुरशी आहे, मुळाशी शेणखतात मिसळून द्या. पण एका हातानं ट्रायकोडर्मा आणि दुसऱ्या हातानं त्याच जमिनीत तांब्याचं किंवा दुसरं बुरशीनाशक असं केलंत तर आपणच आणलेला जीव आपण मारतो. बिव्हेरियाचं पाकीट घेताना एकदा नावाकडे बघा. अगोस्तिनो बासी नावाचा इटलीतला माणूस, रेशमाच्या अळ्या पांढऱ्या पडून मरतात त्याचं कारण शोधत बरीच वर्षं बसला आणि १८३५ मध्ये त्यानं सिद्ध केलं की हा रोग एका जिवंत बुरशीमुळे होतो आणि एका अळीतून दुसरीत जातो. पाश्चरच्या आधी! रोग जंतूंमुळे होतो हे नीट दाखवणारा हा पहिल्यांपैकी एक, आणि ती बुरशी त्याच्या नावानं बिव्हेरिया बॅसियाना झाली. तिचीच आता पावडर करून आपण किडीवर मारतो. उसाची मुळं खाणाऱ्या हुमणी अळीला देतात ते मेटारायझियम, तेही १८७९ मध्ये मेचनिकॉफनं गव्हाच्या भुंगेऱ्याच्या अळ्यांवरच शोधलं होतं. संध्याकाळी, जमिनीत ओल असताना द्या, ऊन लागलं की बीजाणू मरतात.

प्रश्न : पहिल्या पावसानंतर आमच्याकडे सात्या, म्हणजे रानातली मशरूमं, निघतात. आजी ओळखायची, ती गेली. आता आम्ही कसं ओळखायचं? चांदीचा चमचा टाकून बघितला तर चालेल? (एक वाचक, गडचिरोली)

चमचा चालणार नाही, अजिबात नाही. चांदी काळी पडली तर विषारी, किड्यांनी खाल्लेली असेल तर चांगली, साल सुटली तर चांगली, उकळलं की विष जातं, ह्या सगळ्या समजुती माणसं मारणाऱ्या आहेत. अमानिटा जातीच्या काही छत्र्यांमध्ये अमाटॉक्सिन नावाचं विष असतं, उकळूनही जात नाही, चवीला वाईट लागत नाही, आणि सगळ्यात वाईट म्हणजे खाल्ल्यावर सहसा सहा ते चोवीस तास काहीच होत नाही. मग उलट्या जुलाब, मग एखाद दिवस बरं वाटतं, आणि तोवर लिव्हर गेलेलं असतं. २०२२ च्या एप्रिलमध्ये आसामात जंगली मशरूम खाऊन १३ जण गेले, त्यात लहान मूलही होतं.

तुमच्या सात्या, कोकणातली वारुळावरची अळंबी, गोव्यात वारुळाला रोयण म्हणतात त्या रोयणीवरची अळमी, हे सगळं टर्मिटोमायसिस घराणं. आणि ह्यांची गोष्ट मला पूर्ण बुरशीशास्त्रात सगळ्यात आवडते. वाळवी लाकूड, पालापाचोळा नुसता चावते, तिला तो नीट पचत नाही, म्हणून वारुळात खाली ती मातकट जाळीदार गड्डे बांधते आणि त्यावर ही बुरशी पिकवते, बुरशी लाकूड पचवते आणि वाळवी बुरशी खाते. माणूस शेती करायला लागला त्याला दहा-बारा हजार वर्षं झाली, वाळवी ही शेती साधारण तीन कोटी वर्षं करतेय. पाऊस पडला की त्या शेतातून छत्री वर येते, म्हणून तिचा दांडा जमिनीत खोल मुळासारखा गेलेला असतो. आणि म्हणूनच धिंगरी मशरूमसारखी सात्या शेडमध्ये पिकवता येत नाही, वाळवी आणणार कुठून. काढताना वारूळ खणू नका, पुढच्या वर्षी तिथंच येणार असते.

ओळखायचं कसं, तर कागदावरून मी सांगणार नाही. आजीबरोबर जाणारी दुसरी कुणी बाई गावात असेल तर आत्ताच तिच्याबरोबर फिरा, दोन-तीन पावसाळे, नुसतं बघायला. जागा तीच, वेळ तीच, दांडा वारुळात जातोय ना, हे सगळं ती नकळत बघते. शंका आली की टाकायचं. शहरातल्या वाचकांना वेगळं सांगते, बंगल्याच्या लॉनवर उगवणारी मोठी पांढरी छत्री तोडून आणू नका, ती बऱ्याचदा क्लोरोफायलम असते आणि दोन-तीन तासांत उलट्यांनी बेजार करते. कुणाला झालंच तर हॉस्पिटलला जाताना उरलेली भाजी आणि न शिजवलेला तुकडा बरोबर न्या.

प्रश्न : गोड्या मसाल्यातलं दगडफूल हे फूल असतं का? (एक वाचक, डोंबिवली)

फूल नाही, आणि गंमत म्हणजे तो एक जीवही नाही. दगडफूल म्हणजे लायकेन, बुरशी आणि शेवाळ ह्यांचा संसार, बुरशी घर बांधते, पाणी धरते, शेवाळ उन्हात अन्न करतं. १८६७ च्या सुमारास श्वेन्डेनर नावाच्या स्विस शास्त्रज्ञानं हे मांडलं तेव्हा मोठमोठ्या लायकेनवाल्यांनी त्याला वेड्यात काढलं होतं. ते वर्षाला काही मिलिमीटरच वाढतं, पेरता येत नाही, जंगलात झाडांवरून दगडांवरून खरवडून आणतात. तुमच्या मसाल्यातल्या चिमटीला कित्येक वर्षं लागलेली असतात, त्यामुळे मसाला करताना प्रमाणातच घाला. आणि धुरकट हवेत बरीचशी लायकेनं टिकत नाहीत, जुन्या झाडाच्या बुंध्यावर ती भरपूर दिसली तर तिथली हवा बरी समजायची.

प्रश्न : मी पिंपरीत राहतो, अकरावी सायन्सला आहे. मला बुरशीचा अभ्यास करायचाय. मित्र हसतात. ह्यात करिअर आहे का, आणि सुरुवात कुठून करू? (एक विद्यार्थी)

अरे तू राहतोस कुठं माहितीये का! पेनिसिलिनची गोष्ट तुला पुस्तकात असेल, १९२८ मध्ये लंडनला फ्लेमिंगच्या काचेच्या बशीवर बुरशी पडली आणि तिच्या आजूबाजूचे बॅक्टेरिया मेले. पण त्यानं औषध झालं नाही, ते ऑक्सफर्डच्या फ्लोरी, चेन आणि हीटलीनं केलं, आणि १९४१ मध्ये पहिल्या पेशंटला, एका पोलिसाला, दिल्यावर तो सुधारायला लागला आणि औषध संपलं, त्याच्या लघवीतून परत काढून दिलं तरी पुरलं नाही, गेला बिचारा. बुरशी फारच थोडं पेनिसिलिन करायची. मग अमेरिकेत पिओरिया गावात जास्त देणारी बुरशी शोधत होते ती १९४३ मध्ये सापडली एका खराब झालेल्या खरबुजावर. आणि योगायोग बघ, १७२९ मध्ये इटलीच्या मिकेलीनं बुरशीचे बीजाणू खरबुजाच्याच फोडींवर पेरून दाखवलं होतं की जी पेरली तीच उगवते, ती आपोआप सडण्यातून जन्मत नाही. आपलं शास्त्र तिथून सुरू झालं असं आम्ही मानतो.

स्वातंत्र्यानंतर भारतात पेनिसिलिन करायचं ठरलं तो कारखाना १९५४ मध्ये तुझ्या पिंपरीत उभा राहिला, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं. तिथं तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध शोधलं, ते ज्या बॅक्टेरियापासून मिळालं त्याचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. तुझ्या गावाचं नाव लॅटिनमध्ये आहे, हसणाऱ्या मित्रांना सांग.

पुण्यात आगरकर रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था आहे (नावं जवळची, माणसं वेगळी, हे मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर, त्यांनी १९४६ मध्ये संस्थेची सुरुवात केली). तिथं जिवंत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे आणि वाळवून ठेवलेल्या नमुन्यांचं, बुरशीशास्त्रज्ञ अजरेकरांच्या नावाचं हर्बेरियम आहे. एनसीएलमध्ये, म्हणजे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, उद्योगांना लागणाऱ्या सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे. औषध कंपन्या, एन्झाइम, शेतीतली जैविक औषधं, हॉस्पिटलच्या लॅब, सगळीकडे बुरशी ओळखणारी माणसं लागतात आणि ती फार कमी आहेत. नायट्याच्या पेशंटची, द्राक्षवाल्याची, सात्या खाणाऱ्याची पत्रं वर वाचलीस ना, प्रत्येकाला कुणीतरी नाव सांगणारं हवं होतं. बीएस्सी बॉटनी किंवा मायक्रोबायॉलॉजी कर, मग एमएस्सीला बुरशी घे.

सुरुवात मात्र ह्या रविवारी कर, पैसे लागत नाहीत. झाडाखालची एखादी छत्री उघडलेली बघ, खायची नाही, हाताळून झाल्यावर हात धुवायचे. तिचा दांडा कापून टोपी उलटी न करता अर्धी पांढऱ्या अर्ध्या काळ्या कागदावर ठेव, वर वाटी पालथी घाल आणि रात्रभर हलवू नकोस. सकाळी टोपी अलगद उचलली की खाली बीजाणूंची नक्षी पडलेली असेल, चाकाच्या आऱ्यांसारखी. रंग कोणता ते नीट बघ, पांढरा, गुलाबी, तपकिरी, काळा की हिरवट, ओळखण्याची पहिली खूण तीच. फोटो काढून मला पाठव, आणि खाली गाव, तारीख आणि शेजारी कोणतं झाड होतं ते लिहायला विसरू नकोस.